दागिने दिसले, तेल दिसले नाही

१२ जानेवारी १९८१, सोमवार. त्या रात्री अमेरिकेतील एबीसी वाहिनीवर ‘डायनॅस्टी’ या मालिकेचा तीन तासांचा पहिला भाग दाखवला गेला. आठच दिवसांनी, २० जानेवारीला, रोनाल्ड रेगन यांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली. या दोन तारखा शेजारी शेजारी ठेवून गेली चाळीस वर्षे एक सिद्धान्त सांगितला जात आहे, आणि तो आता इतका रुळला आहे की त्याचा पुरावा मागणे उद्धटपणाचे वाटावे. सिद्धान्त असा : ‘डायनॅस्टी’चा शुभारंभ हाच रेगनयुगाचा शुभारंभ होय; ती मालिका पहिल्या रात्रीपासून श्रीमंतीची आरती होती; आणि जगभरच्या झगमगीत कौटुंबिक मालिकांचे पाप, आपल्याकडच्या मालिकांसकट, तिच्याच पदरी आहे.

हा पूर्वपक्ष मला मान्य नाही. पण खोडण्याआधी तो त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडणे हे माझे कर्तव्य आहे, कारण तो पोकळ लोकांचा पक्ष नाही. त्याचे पुरावे पाहा. मालिकेच्या शीर्षकदृश्यात बिल कॉन्टी यांचे तुताऱ्यांचे संगीत वाजते आणि कॅलिफोर्नियातील फिलोली नावाचा खराखुरा महाल पडदाभर पसरतो. निर्माता आरन स्पेलिंग. झगमगाट हा त्याचा जन्मभराचा धंदा. पोशाख नोलन मिलरचे. पुढे त्या पोशाखांतले रुंद खांदे हे एका दशकाचे बोधचिन्ह झाले. १९८३ साली माजी राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड आणि हेन्री किसिंजर हे मालिकेतल्या एका मेजवानीत चक्क स्वतःच्या भूमिकेत हजर झाले. नायिकेच्या नावाचे अत्तर बाजारात आले, नायकाच्या आडनावाचेही आले. प्रेक्षकाला कथा दाखवायची आणि कथेतल्या वस्तू त्यालाच विकायच्या, अशी ही सोय होती. नॉर्वेचे अभ्यासक योस्टाइन ग्रिप्सरूड यांनी १९९५ मध्ये या मालिकेवर एक जाडजूड, चिकित्सक ग्रंथच लिहिला. आता सत्ता, संपत्ती आणि दूरचित्रवाणी एका पंगतीला बसलेली एवढी स्पष्ट दिसत असताना आणखी काय हवे?

तारीख हवी. पुराव्याला तारीख असते आणि वर दिलेल्या पुराव्यांपैकी बहुतेकांची तारीख १२ जानेवारी १९८१ नाही.

प्रथम त्या आठ दिवसांचा हिशेब करू. कावळा फांदीवर बसायला आणि ताडाचे फळ पडायला एक गाठ पडली, तर कावळ्याने फळ पाडले असे म्हणणाऱ्यास आपल्या पूर्वजांनी काकतालीय न्यायात बसवून ठेवले आहे. दूरचित्रवाणीची मालिका आठ दिवसांत शिजत नाही. ‘डायनॅस्टी’ची कल्पना, संहिता आणि निवड या सगळ्या गोष्टी जिमी कार्टर अध्यक्ष असतानाच्या आहेत. पहिल्या भागात मालिकेचा नायक, तेलसम्राट ब्लेक कॅरिंग्टन, याच्या भूमिकेसाठी आधी जॉर्ज पेपार्डला घेतले होते. ते जमले नाही आणि जॉन फोर्साइथ आले. १९८० च्या जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत हॉलिवूडच्या नटांचा संप चालला आणि त्या वर्षीच्या नव्या मालिकांचे सगळे वेळापत्रक कोलमडले. जानेवारीचा मुहूर्त रेगनसाठी साधलेला नव्हता. तो संपाने लांबवलेला होता.

बरे, त्या रात्री अमेरिकी प्रेक्षक कोणत्या मनःस्थितीत दूरचित्रवाणीपुढे बसला होता? तेहरानमध्ये बावन्न अमेरिकी अजून ओलीस होते. त्यांची सुटका झाली ती २० जानेवारीला. १९७९ च्या इराणी क्रांतीनंतर खनिज तेलाचा भाव दुपटीहून अधिक झाला होता आणि पेट्रोल पंपांपुढच्या रांगा लोक विसरले नव्हते. तेल कंपन्यांच्या घबाडी नफ्यावर खास कर बसवणारा कायदा कार्टर यांनी एप्रिल १९८० मध्ये सही करून लागू केला होता. म्हणजे तेलसम्राट हा त्या जानेवारीत जनतेच्या रोषाचा धनी होता. शेजारच्या सीबीएस वाहिनीवर ‘डॅलस’ चालू होती. तिचा तेलवाला जे. आर. युइंग इतका नकोसा होता की त्याला गोळी कोणी घातली हा १९८० सालचा राष्ट्रीय प्रश्न झाला. एबीसीला ‘डॅलस’ला तोडीस तोड मालिका हवी होती, हे मी लपवत नाही. पण श्रीमंतांची आरतीच ओवाळायची, तर त्या घडीला कोणत्या शहाण्याने तेलवाल्याला देव्हाऱ्यात बसवले असते?

पहिल्या भागाचे शीर्षक ‘ऑइल’ असे होते आणि संपूर्ण मालिकेचे पहिले नावही तेच ठरले होते. कथेला पहिला धक्का मिळतो तोही तेलातूनच. मध्यपूर्वेत उठाव होतो, डेन्व्हर-कॅरिंग्टन कंपनीला तिथला गाशा गुंडाळावा लागतो आणि कंपनीचा भूगर्भतज्ज्ञ मॅथ्यू ब्लेझडेल डेन्व्हरला परततो. परतल्यावर त्याला कळते की आपली पूर्वीची प्रेयसी क्रिस्टल आता कंपनीच्या मालकाशी लग्न करते आहे. वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावरचा पेच घेऊन ही मालिका घरात शिरली. आरती करणारे असे करत नाहीत. आरतीत वर्तमानपत्र नसते.

आता दुसरा प्रश्न : हे लिहिले कोणी? पूर्वपक्ष निर्मात्याचे नाव घेतो आणि लेखकांना विसरतो. ‘डायनॅस्टी’चे जनक एस्थर आणि रिचर्ड शापिरो हे दांपत्य. यांचे आधीचे काम काय? १९७५ मध्ये एका अल्पवयीन मुलीच्या दारूच्या व्यसनावरचा दूरचित्रपट. १९७७ मध्ये ‘इंटिमेट स्ट्रेंजर्स’ : सुशिक्षित घरातल्या नवऱ्याच्या मारहाणीवर, आणि तेही ज्या काळात हा विषय दिवाणखान्यात उच्चारायचा नसतो असा संकेत होता त्या काळात. त्याच वर्षी ‘मिन्स्ट्रेल मॅन’ : कृष्णवर्णीय कलावंतांना स्वतःच्याच विडंबनाचे सोंग घेऊन पोट भरावे लागे, त्या अपमानावर. व्यसन, मारहाण, वर्णद्वेष ही ज्यांची तीन पाठोपाठची विषयसूची, ते चौथ्या वेळी एकाएकी श्रीमंतांचे भाट झाले असे मानायचे, तर त्यासाठी तारखेच्या योगायोगाहून भक्कम काही दाखवावे लागेल. त्यांनी स्वतः प्रेरणा म्हणून नाव घेतले ते बीबीसीच्या ‘आय, क्लॉडियस’चे. रोमन सम्राटांचे ते घर ज्यांनी पाहिले आहे, त्यांना सांगायला नको की तिथे संगमरवराखाली विष वाहत असते.

आणि खुद्द भाग? मला दाट शंका आहे की ‘डायनॅस्टी’वर लिहिणाऱ्या बऱ्याच जणांनी पहिला भाग पाहिलेलाच नाही. त्यांनी पाहिली आहेत ती नंतरची छायाचित्रे. तेव्हा साक्षीदाराला थोडा वेळ देऊ.

राल्फ सेनेन्स्की यांनी दिग्दर्शित केलेल्या त्या तीन तासांत आपण महालात शिरतो ते कोणाच्या सोबतीने? मालकाच्या नव्हे. क्रिस्टल जेनिंग्ज ही कंपनीतली सेक्रेटरी. लिंडा एव्हान्सने ही बाई साकारताना डोळ्यांत जी धास्ती ठेवली आहे तिच्याकडे पाहा. या घरात ती मालकीण म्हणून येते आहे, पण घर तिला मालकीण मानत नाही. कारभारी जोसेफ अदबीच्या प्रत्येक वाक्यातून तिला तिची जागा दाखवतो. होणारी सावत्र मुलगी फॅलन तिला पाण्यात पाहते. महाल पडद्यावर भव्य दिसतो हे खरेच, पण तो पाहुण्याला छोटा करण्यासाठी भव्य आहे. जिना उंच आहे, कारण जिच्यासोबत आपण आलो तिला तो चढायचा आहे आणि वर कोणी वाट पाहत नाही. संपत्तीचे प्रदर्शन आणि संपत्तीच्या धाकाचे चित्रण यांत फरक असतो की नाही? कॅमेरा तोच, झुंबर तेच. पाहणारे डोळे कोणाचे, यावर अर्थ ठरतो.

मग इतर माणसे मोजू. पहिल्या मोसमातले श्रीमंत पाच : ब्लेक, त्याची मुले फॅलन आणि स्टीव्हन, प्रतिस्पर्धी सेसिल कोल्बी आणि त्याचा पुतण्या जेफ. दुसऱ्या बाजूला क्रिस्टल, मॅथ्यू, मनोरुग्णालयातून नुकतीच घरी आलेली त्याची बायको क्लॉडिया, त्यांची शाळकरी मुलगी लिंडसे, ड्रायव्हर मायकेल, कारभारी जोसेफ, आणि वॉल्टर लँकरशिम. हा वॉल्टर म्हणजे नशिबावर हवाला ठेवून एकेक विहीर खणणारा, कर्जाने गांजलेला म्हातारा खणकरी. ब्लेकच्या कंपनीला त्याची जमीन हवी आहे. मॅथ्यू नोकरीवर लाथ मारून त्याच्याशी भागीदारी करतो. मोठी कंपनी छोट्याला कशी गिळते याची ही उपकथा नव्हे, हा पहिल्या मोसमाचा अर्धा कणा आहे. आणि पुढच्या काही भागांत काय होते? ब्लेकने दिलेला पाचूंचा हार क्रिस्टल गुपचूप गहाण टाकते आणि ते पैसे त्या विहिरीच्या कामी जातात. ज्यांना या मालिकेत फक्त दागिने दिसले, त्यांना त्या दागिन्याचा हा प्रवास दिसला नाही. दागिना गळ्यात दिसतो तोवर तो नजरेत भरतो. सावकाराच्या काट्यावर चढला की कथा सुरू होते.

आता स्टीव्हनकडे वळतो, कारण माझ्या मते पहिल्या भागाचे काळीज तिथे आहे. न्यूयॉर्कहून बापाच्या लग्नाला आलेला हा मुलगा समलिंगी आहे आणि बापाला ते ठाऊक आहे. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून वगळले ते १९७३ मध्ये; म्हणजे या भागाच्या वेळी त्या निर्णयाला जेमतेम सात वर्षे झालेली. या भागाआधी, १९७७ मध्ये, ‘सोप’ नावाच्या विनोदी मालिकेत असे एक पात्र आले होते, पण ते हशाच्या संरक्षणात. इथे हशा नाही. आणि लेखकांची चलाखी पाहा : ब्लेकला त्यांनी अडाणी, आरडाओरड करणारा बाप केलेले नाही. तो वाचलेला आहे. नवी मते त्याला माहीत आहेत. आपण उदार आहोत अशी त्याची स्वतःची खात्री आहे. तारुण्यातला प्रयोग म्हणून हेही खपवून घेता येईल, पण ते घरात आणायचे नाही, अशा थाटाचे त्याचे बोलणे आहे. उदारपणाच्या भाषेत गुंडाळलेला हा नकार मी मराठी घरांतही ऐकला आहे. वेगळ्या विषयांवर, पण याच सुरात. ज्या मालिकेला श्रीमंत कुटुंबप्रमुखाची पूजा बांधायची आहे, ती पहिल्याच रात्री त्याला पोटच्या मुलापुढे इतका कोता का दाखवील?

पुढे मोसमभर ती हेच करत राहते. पत्नी गर्भनिरोधक गोळ्या घेते हे कळल्यावर ब्लेक तिच्यावर बळजबरी करतो. नवऱ्यावर बलात्काराचा खटला होऊ शकतो ही कल्पनाच तेव्हा अमेरिकेत नवी होती. एकत्र राहणाऱ्या पत्नीवरील बलात्काराबद्दल नवऱ्यावर पहिला गाजलेला खटला ओरेगनमध्ये चालला तो १९७८ साली, आणि त्यात तो सुटला. आपल्या कायद्यातला हा अपवाद तर आजही जागेवर आहे, तेव्हा आपण फार वरून बोलू नये. स्टीव्हनला त्याचा जुना मित्र टेड डिनार्ड निरोप द्यायला येतो; ब्लेक त्या दोघांना मिठीत पाहतो, टेडला ढकलतो, टेड पडतो आणि मरतो. खुनाचा खटला उभा राहतो. मुलगा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहून बापाविरुद्ध साक्ष देतो. फॅलन? तिचे लग्न जेफ कोल्बीशी होते, कारण बापाच्या बुडत्या धंद्याला सेसिल कोल्बीचा पैसा हवा असतो आणि त्या पैशाची अट तीच असते.

इथे मला देवलांची ‘शारदा’ आठवते. १८९९ मध्ये रंगभूमीवर आलेल्या त्या नाटकात भुजंगनाथ श्रीमंत आहे आणि कांचनभट पैशासाठी मुलगी त्याच्या गळ्यात बांधायला निघाला आहे. भुजंगनाथाच्या खांद्यावरचा शेला भरजरी होता म्हणून देवल जरठविवाहाचे पुरस्कर्ते ठरले काय? एलकुंचवारांनी ‘वाडा चिरेबंदी’त धरणगावकर देशपांड्यांचा वाडा उभा केला, त्यात दागिन्यांचा डबा आहे, तो अंगावर घालून मिरवण्याचा क्षणही आहे, त्यांना कोणी वतनदारीचा भाट म्हटले नाही. ‘डायनॅस्टी’ या कृतींच्या पंक्तीला बसते असा माझा दावा नाही. कलेच्या प्रतीचा वादच इथे नाही. वाद तर्काचा आहे. श्रीमंत घर दाखवणे म्हणजे श्रीमंतीचा गौरव करणे, हा नियम देवलांना लागू नसेल तर शापिरोंना का? आणि सगळ्यांना लागू असेल, तर महाभारतापासून सुरुवात करावी लागेल.

पूर्वपक्षाचा या जागी एक उलटप्रश्न येईल, आणि तो रास्त आहे. ब्लेक खटल्यात दोषी ठरतो, पण तुरुंगात जात नाही. शिक्षा स्थगित होते, तो घरी येतो, पुन्हा जेवणाच्या टेबलाच्या टोकाशी बसतो. बळजबरीचाही पुढे फारसा उच्चार होत नाही. मग मालिकेने त्याला माफच केले ना? होय, पुढच्या मोसमांनी केले. त्या माफीचा बचाव मी करणार नाही. पण श्रीमंत माणूस सदोष मनुष्यवधाचा गुन्हा करून घरी परततो, ही गोष्ट कोणाला कौतुकाची वाटत असेल तर तो दोष पाहणाऱ्याचा आहे. मला ती बातमीसारखी वाटते.

आता सगळ्यात भक्कम मानल्या जाणाऱ्या पुराव्याकडे, म्हणजे अत्तर, किसिंजर आणि खांदे यांच्याकडे. शितावरून भाताची परीक्षा करायला कोणाची हरकत नाही. मात्र शीत त्याच भांड्यातले हवे. किसिंजर आले १९८३ च्या डिसेंबरात. अत्तर आले त्यानंतर. आणि ज्या बाईमुळे ‘डायनॅस्टी’ जगाला माहीत झाली ती अलेक्सिस, म्हणजे जोन कॉलिन्स, ती तर १९८१ च्या नोव्हेंबरपर्यंत मालिकेत नव्हतीच. पहिल्या मोसमाच्या अखेरीस न्यायालयात जी बुरखेदार साक्षीदार शिरते, ती फॅलनची आई, म्हणजे हीच अलेक्सिस, असल्याचे कळते. पण जाळीमागचा चेहरा कॉलिन्सचा नव्हता, कारण तेव्हा तिची निवडच झाली नव्हती.

पहिल्या आणि दुसऱ्या मोसमाच्या मधे काय घडले, हा खरा इतिहास आहे आणि पूर्वपक्ष नेमका तोच गाळतो. पहिल्या मोसमात मालिका वार्षिक क्रमवारीत पहिल्या विसांतही आली नाही. मग दिवसाच्या मालिका लिहिण्यात मुरलेले आयलीन आणि रॉबर्ट पोलॉक हे दांपत्य लेखनासाठी आणले गेले. वॉल्टर लँकरशिमला काढले. मॅथ्यूला आणि लिंडसेला काढले. तेलाची विहीर, खणकरी, कर्ज, जमिनीचे पट्टे, सगळे हळूहळू पडद्याआड गेले आणि अलेक्सिस आली. क्रमवारी चढत गेली : १९८२-८३ मध्ये पाचवा क्रमांक, पुढच्या वर्षी तिसरा, १९८४-८५ मध्ये पहिला. स्टीव्हनची भूमिका करणारा अल कोर्ली दुसऱ्या मोसमानंतर मालिका सोडून गेला आणि त्याच्या जागी दुसरा नट आणताना अपघात आणि प्लास्टिक सर्जरीचे कथानक रचले गेले. चेहरा बदलला, तसा मालिकेचाही बदलला.

यातून पूर्वपक्षापुढे आड आणि विहीर दोन्ही उभी राहतात. जानेवारी १९८१ च्या अमेरिकेला श्रीमंतीची आरती हवी होती आणि ‘डायनॅस्टी’ने पहिल्या रात्रीपासून ती गायली, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असतील, तर मालिका तत्काळ गाजायला हवी होती. ती गाजली नाही. तेव्हा दोहोंपैकी एक विधान सोडावे लागेल. एक तर अमेरिकेला ती आरती तेव्हा नको होती, म्हणजे रेगनयुगाचा सिद्धान्त गेला. किंवा ‘डायनॅस्टी’ ती गात नव्हती, म्हणजे आरोपच गेला. कोणते सोडायचे ते त्यांनी ठरवावे. मी १९८४ च्या ‘डायनॅस्टी’चा वकील नाही. तिच्यावरचे बहुतेक आरोप मला मान्य आहेत. पण १९८४ च्या गुन्ह्यासाठी १९८१ ला फासावर चढवण्याची ही पद्धत कोणत्या न्यायशास्त्रात बसते?

परिणामांचा मुद्दा थोडक्यात आटोपतो, कारण त्यात दोन्ही बाजूंनी अतिरेक झाला आहे. १९८३ मध्ये फ्रान्सचे संस्कृतिमंत्री जाक लांग यांनी ‘डॅलस’ला अमेरिकी सांस्कृतिक साम्राज्यवादाचे प्रतीक म्हटले आणि तेच ‘डायनॅस्टी’लाही आपोआप चिकटले. प्रेक्षक हा मातीचा गोळा असतो, हे त्यामागचे गृहीतक. नेदरलँड्समध्ये इयेन आंग यांनी एका स्त्रियांच्या मासिकात जाहिरात देऊन ‘डॅलस’बद्दल पत्रे मागवली. बेचाळीस आली. त्यांत चाहते होते, तिटकारा करणारे होते, आणि हसण्यासाठी पाहणारेही होते. श्रीमंत होण्याची हाव हा त्या पत्रांचा मुख्य सूर नव्हता. घरातल्या दुःखांची ओळख पटणे हा होता. इस्राएलमध्ये तामार लीब्स आणि एलिहू कात्झ यांनी वेगवेगळ्या समाजगटांना गटागटाने बसवून तीच मालिका दाखवली, तेव्हा प्रत्येक गट आपापल्या अनुभवाच्या चष्म्यातून तिच्याशी वाद घालताना दिसला. ग्रिप्सरूड यावर इशारा देतात की प्रेक्षकाच्या हुशारीचे कौतुक करता करता वाहिन्यांच्या सत्तेकडे डोळेझाक करू नये. इशारा योग्य आहे. पण त्यातून प्रेक्षक बधिर होता हे सिद्ध होत नाही. आणि ‘डॅलस’वरचे निष्कर्ष जसेच्या तसे ‘डायनॅस्टी’वर लादायचे नाहीत, हे पथ्य मलाही लागू आहे.

राहिला वारसा. आपल्या मालिकांतली भरजरी साडी नेसून पोळ्या लाटणारी सून आणि पहाटे चारलाही केस विंचरलेल्या सासूबाई यांचे मूळ ‘डायनॅस्टी’त शोधले जाते. शोधणाऱ्यांनी दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात. कॅरिंग्टनांचा पैसा कशातून येतो, तो कुठे अडकला आहे, कोणते जहाज कुठे थांबले आहे, कोणी कर्ज परत मागितले आहे, हे पहिल्या मोसमाच्या प्रेक्षकाला पाठ असे. आमच्या पडद्यावरच्या उद्योगपती घराण्याचा उद्योग कोणता, हे हजार भाग पाहूनही कोणी छातीठोक सांगू शकेल? तिथे ‘बिझनेस’ असतो. त्याची एक फाईल असते. त्या फाईलवर कोणाची तरी सही फसवून घेतली जाते. बस्स. ‘डायनॅस्टी’कडून आपण जिना घेतला, तेल घेतले नाही. १९९५ मध्ये दूरदर्शनवर दुपारी लागणारी ‘स्वाभिमान’ त्यातल्या त्यात मूळ कल्पनेच्या जवळ होती. शोभा डे यांच्या लेखणीचा हात लागलेल्या त्या मालिकेतही मोठ्या घराकडे पाहणारी प्रमुख नजर घराबाहेरच्या बाईची होती, उद्योगपतीच्या प्रेयसीची. पुढे ती नजर घरातल्या देवघरात बंद झाली. वारसदाराने वाडा मिळताच हिशेबाच्या वह्या जाळून टाकल्या, तर दोष आजोबांना द्यायचा काय?

झगमगाटाची आरती करणारा पहिला भाग ज्यांना हवाच असेल, त्यांना मी रिकाम्या हाती पाठवत नाही. ११ ऑक्टोबर २०१७ रोजी ‘डायनॅस्टी’ नव्याने सुरू झाली. डेन्व्हरऐवजी अटलांटा आले आणि कथेचा मध्यबिंदू सेक्रेटरीवरून सरकून मालकाच्या मुलीवर गेला. मॅथ्यू ब्लेझडेल नावाचा नोकरदार तिथेही आहे. १९८१ च्या लेखकांनी ज्याच्या खांद्यावर अर्धा मोसम उभा केला, त्याला नव्या मालिकेने पहिल्याच भागात स्फोटात मारून टाकले.